मावळचें लांकूडकाम आणि घरचें खेळणें

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी आगगाडी मळवली स्टेशनांत शिरते, तेव्हां उतारूंच्या उजव्या हाताच्या डोंगरांत कार्ल्याचें लेणें असतें आणि डाव्या हाताच्या डोंगरांत भाज्याचें. सुटीच्या दिवशीं मुलांबाळांसह आलेलीं कुटुंबें एकवीरेचें दर्शन घेतात, कार्ल्याच्या चैत्यांत डोकावतात, सिंहस्तंभ पाहतात आणि ओसरींतील दगडी हत्तींपाशीं थोडा वेळ रेंगाळून परततात. दर्शनी भिंतीवर ब्राह्मी लिपींत कोरलेल्या लहानसहान ओळींकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें. त्या ओळींपैकीं एक ओळ एका सुताराची आहे.

हा चैत्य इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतला. तो पुरा करणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें आपल्या लेखांत त्याला जंबुद्वीपांतील सर्वोत्तम शैलगृह म्हटलें आहे, आणि त्या अभिमानांत अतिशयोक्ति फारशी नाहीं. धेनुकाकटाचा गंधी सिंहदत्त यानें दाराचें दान दिल्याची नोंदहि तेथेंच आहे. परंतु ह्या दात्यांच्या जोडीला त्याच धेनुकाकटाचा, वेणुवासाचा मुलगा सामी असें तिसरें एक नांव आहे. त्याचा धंदा लेखांत स्पष्ट सांगितला आहे. तो ‘वढकी’, म्हणजे सुतार होता, आणि दार करण्याचें काम त्यानें केलें होतें. दगडांत कोरलेल्या मंदिराच्या दारावर लांकूडकाम करणाऱ्याचें नांव यावें, ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते. ती विचित्र कां नाहीं, हें कळण्यासाठीं चैत्याच्या आंत जाऊन छताकडे पाहिलें पाहिजे.

सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद अशा त्या दालनाच्या वर्तुळाकार छताखालीं सागाच्या लांकडाच्या कमानी एकीमागून एक बसविलेल्या आहेत. छताला त्यांचा आधार मुळींच नाहीं. अखंड खडकांत कोरलेलें छत लांकडाच्या टेकूवाचूनहि तसेंच राहिलें असतें. असें असून त्या कमानी तेथें बसविल्या गेल्या आणि जवळजवळ दोन हजार वर्षें आपल्या जागीं आहेत. स्तूपाच्या शिरावरील कोरीव छत्रहि लांकडाचेंच आहे. ह्याचें कारण असें कीं, लेणीं खोदण्याची कला जन्माला आली तेव्हां ह्या देशांतील मोठीं घरें, प्रासाद आणि प्रार्थनामंदिरें लांकडाचीं होतीं. पाथरवटाच्या डोळ्यांपुढें नमुना होता तो सुताराच्या घराचा. कार्ल्याहून कांहीं शतकें जुन्या अशा भाज्याच्या चैत्यांत तर हें अनुकरण फारच ठळक दिसतें. तेथील २७ अष्टकोनी खांब किंचित् आंत कललेले आहेत. लांकडी घराचे खांब छपराचा रेटा सोसावा म्हणून कलते रोवीत, तसेच ते खडकांत कोरले आहेत. वास्तविक खडकाला कसलाच रेटा नव्हता. भाज्याचा दर्शनी भाग मुळांत लांकडाचा होता. तो गेला, परंतु त्याचीं कुसवें बसविण्यासाठीं खडकांत पाडलेलीं भोकें अद्याप शिल्लक आहेत. तेथील लांकडी कमानींवर ब्राह्मी अक्षरेंहि आढळलीं आहेत. थोड्या अंतरावरील बेडशाच्या चैत्यांतल्या कमानी मात्र नाहींशा झाल्या.

मोठ्या वस्तूचें रूप दुसऱ्या द्रव्यांत आणि दुसऱ्या मापांत उतरवावयाचें, उपयोग सोडून तिचा आकार तेवढा मनापासून राखावयाचा, हें लेण्यांचें तंत्र ज्या दुसऱ्या एका कामांत दिसतें, तें काम म्हणजे खेळणें करण्याचें. कार्ल्याच्या ओसरींतील बाजूच्या भिंती पाहाव्या. हत्तींच्या पाठीवर मजल्यावर मजले चढविलेलीं घरें कोरलीं आहेत. त्यांना बोटभर कठडे आहेत, लहान लहान कमानदार गवाक्षें आहेत. मूल त्या भिंतीपाशीं थांबतें तें उगाच नव्हे. आपल्या भातुकलींतलें जग आणि हें जग एकाच जातीचें आहे, हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं.

वढकी हा शब्द संस्कृतांतील वर्धकीवरून आलेला. पुणें प्रांतांत तो लोपला, पण विदर्भांत सुताराला अजूनहि ‘वाढई’ म्हणतात. सुतार हा शब्द सूत्र धरणाऱ्यावरून आला. लांकडावर प्रथम दोरीनें रेघ मारावयाची आणि मग शस्त्र चालवावयाचें, ही त्या धंद्याची पहिली शिस्त त्या नांवांतच सांठविलेली आहे. सामीनंतरच्या शतकांत मावळांत लेणीं खोदणें थांबलें. परंतु इंद्रायणी, पवना आणि आंद्रा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत गांवें होतीं, आणि गांव म्हटलें कीं सुतार हा आलाच. बारा बलुतेदारांतील तो एक प्रमुख. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचें चाक, घराचें आढें आणि दाराची चौकट हीं सर्व त्याच्याच हातचीं. मोबदला रोख नसे. भाताची सुगी झाली कीं खळ्यावर त्याचा वांटा मिळे. त्याच्यापाशीं वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि सामता एवढींच हत्यारें असत; पण कोणतें लांकूड कोणत्या कामाला, ह्याचें ज्ञान त्याला अचूक असे. साग टिकाऊ, शिसव कठीण व जड, बाभूळ चाकाला आणि नांगराला, आंबा फळ्यांना, शिवण व पांगारा हलक्या कामाला, असा त्याचा हिशेब ठरलेला होता.

ह्याच सुताराच्या अंगणांत मावळचें लांकडी खेळणें जन्मास येई. चाक करतांना उरलेला तुकडा, चौकट बेतांना निघालेली ढलपी, ह्यांना बाजारांत किंमत नव्हती. त्यांतून पाऊल टाकूं लागलेल्या मुलाचा पांगुळगाडा होई, विटीदांडू होई, लोखंडी आर ठोकलेला भोवरा होई. कातारी असेल तेथें मुलींसाठीं पोळपाट-लाटणें, उखळ-मुसळ आणि जातें असा भातुकलीचा संसार कातून निघे. ह्यांतलें बहुतेक काम मागणीवांचून, शेजारधर्मानें किंवा स्वतःच्या लेकरासाठीं केलेलें असे. आज ज्याला छंद म्हणतात तो हाच. तेव्हां त्याला वेगळें नांव देण्याची गरज कोणाला भासली नव्हती. मुलाला गाडा हवा असतो, ही गोष्ट तर फारच जुनी. ‘मृच्छकटिक’ ह्या संस्कृत नाटकाचें नांवच मुळीं मुलाच्या मातीच्या गाड्यावरून पडलें आहे. शेजारच्या मुलाचा सोन्याचा गाडा पाहून रोहसेन मातीच्या गाड्यासाठीं रडत नाहीं, सोन्याचा मागतो, आणि तेवढ्यावरून कथेला केवढें वळण लागतें, हें नाट्यरसिकांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रांत इतर कांहीं ठिकाणीं खेळण्याला उत्सवाचा किंवा धंद्याचा मान मिळाला. नागपुराकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून मिरवितात. त्याला तान्हा पोळा म्हणतात, आणि त्याचा आरंभ भोसल्यांच्या काळीं झाला असें तेथील परंपरा सांगते. सावंतवाडीस तर लांकडी खेळण्यांची एक आळीच वसली. तेथील चितारआळींत चिताऱ्यांचीं घराणीं पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडाचीं फळें, भाज्या, बाहुल्या, पाट आणि चौरंग करून रंगवीत आलीं. कातकामाच्या वस्तूंवर लाख चढविण्याची रीत मोठी मौजेची आहे. वस्तु यंत्रावर वेगानें फिरत असतांना रंगीत लाखेची कांडी तिच्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या पानानें घासलें कीं तिला तकाकी येते. त्याच गांवची गंजिफा, म्हणजे हातानें रंगविलेलीं वाटोळीं खेळाचीं पानें, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोपण्याच्या बेतांत होतीं. संस्थानचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं ती कला वृद्ध कारागिरापाशीं शिकून पुन्हां उभी केली. हात थांबला तर कला एका पिढींत जाते आणि कोणी शिकावयास बसला तर एका पिढींत परत येते, ह्या दोन्ही गोष्टी सावंतवाडीनें दाखवून दिल्या.

मावळांत असा राजाश्रय नव्हता. येथें मुलांच्या हातीं हत्यार देण्याचा विचार आला तो शिक्षणाच्या वाटेनें, आणि ती वाट फार लांबून आलेली होती. जर्मनींतील फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं आपली संस्था काढली. त्याच्या शिक्षणसाहित्यांत लांकडाचा गोल, घन आणि नळा होता, आणि आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन होता. खेळणें हें शिकण्याचें साधन आहे, असें त्यानें मांडलें. फिनलंडांत ऊनो सिग्नेउस ह्याच्या प्रयत्नानें १८६६ सालच्या शाळांच्या कायद्यांत हस्तव्यवसायाला स्थान मिळालें. स्वीडनमध्यें ओट्टो सालोमोन ह्यानें नेस येथें शिक्षकांना लांकूडकाम शिकविण्याचे वर्ग चालविले. त्या पद्धतीचे नियम साधे होते. सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जावें. तुकड्याताकड्यांवर सराव न करतां प्रत्येक वेळीं पुरी वस्तु करावी. वस्तु उपयोगी असावी. आणि शिक्षकानें मुलाच्या कामाला आपला हात लावूं नये. सुतार व्हावा हा त्यांचा हेतु नव्हता. नीट पाहणारा, धीर धरणारा आणि आपली चूक आपण सुधारणारा माणूस व्हावा, हा होता.

आपल्याकडे वंगभंगाच्या चळवळींत स्वदेशीबरोबर राष्ट्रीय शिक्षणाचा पुकार झाला, तेव्हां ह्या विचाराला येथली माती मिळाली. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांनीं १९०६ सालीं स्थापिलेलें समर्थ विद्यालय पुढें मावळांतच, तळेगांव दाभाडे येथें आलें. पुस्तकी विद्येला उद्योगाची जोड हवी, हें राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेंतलें एक मुख्य सूत्र होतें. १९१० सालीं सरकारनें तें विद्यालय बंद पाडलें. त्याच तळेगांवीं १९०८ सालीं लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीवर पैसाफंडाचा कांच कारखाना उभा राहिला आणि सामान्य घरांतलीं मुलें भट्टीपाशीं कारागिरी शिकूं लागलीं. पुढें १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही योजना देशापुढें ठेवली. १९४५ सालीं ताराबाई मोडक ह्यांनीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि अनुताई वाघ ह्यांच्या साह्यानें तें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वाढविलें. विलायती महागडें साहित्य न आणतां गांवांत मिळणाऱ्या वस्तूंपासून बालवाडीचें साहित्य करावें, हा त्यांचा आग्रह होता. गांवच्या सुताराचें अंगण आणि शाळा हीं ह्या विचारानें एकमेकांच्या जवळ आलीं.

परंतु दैवयोग असा कीं, शाळा सुताराकडे वळूं लागली त्याच सुमारास सुताराचें काम गांवांतून उठूं लागलें. १८५८ सालीं पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आणि १८६३ सालीं बोरघाट उतरून मुंबईपर्यंत लोहमार्ग पुरा झाला. मग शहरांत तयार झालेला माल मावळच्या बाजारांत येणें सोपें झालें. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर घडविला. लोखंडानें जमीन नासेल म्हणून शेतकरी प्रथम त्याला नाकारीत. पण नांगर चांगला होता, आणि शेवटीं चांगल्या हत्याराचा जय झाला. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचें कारण नाहीं. पुढें रबरी टायरांनीं लांकडी चाक घालविलें, यंत्रांनीं बैल घालविला, लोखंडी चौकटींनीं घराची चौकट घालविली. बाभळीचें चाक करणाराच उरला नाहीं, तेव्हां त्या चाकाच्या ढलपीचा भोवराहि उरला नाहीं. प्लॅस्टिकचें खेळणें आलें तें मोकळ्या झालेल्या जागीं आलें.

म्हणूनच आज लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्याच्या पडवींत किंवा तळेगांवच्या एखाद्या घराच्या गच्चीवर कोणी गृहस्थ नोकरीच्या कामांतून उरलेल्या वेळीं मेज मांडून लांकडाचें खेळणें करूं लागतो, तेव्हां त्याच्या छंदाकडे केवळ वेळ घालविण्याची युक्ति म्हणून पाहूं नये. उपजीविका म्हणून जें ज्ञान नाहींसें होत आहे, तें त्याच्या मेजावर अजून वापरांत असतें. हें काम मनोरंजक आहे, पण ढिलाई खपवून घेणारें नाहीं. मावळचा पाऊसच ती खपवून घेत नाहीं. लोणावळ्यास वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ह्याच पावसाचें पाणी बांधांत अडवून १९१५ सालापासून खोपोलीस वीज निर्माण होऊं लागली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. तोच पाऊस घरांतल्या लांकडांतहि शिरतो. लांकूड रेषांच्या आडव्या दिशेनें फुगतें व आकसतें, लांबींत जवळजवळ नाहीं. हा एक नियम न कळल्यामुळें नवशिक्याचें पहिलें चाक बहुधा वायां जातें. फांदीची गोल चकती कापली कीं चाक आयतें तयार, असें त्याला वाटतें; वाळतांना ती चकती कडेपासून मध्यापर्यंत तडकते. फळींतून कापलेलें चाक तडकत नाहीं, पण पावसाळ्यांत किंचित् लांबट होतें. दोन पातळ फळ्यांच्या रेषा एकमेकींना आडव्या ठेवून त्या चिकटविल्या, तर चाक गोल राहतें. आंसाच्या जाडीहून भोक थोडें सैल ठेविलें नाहीं, तर मे महिन्यांत सुरेख धांवणारी गाडी जुलैंत अडून बसते.

लांकूड निवडतांनाहि जुना हिशेबच उपयोगी पडतो. साग टिकतो, पण लहान मुलाच्या पायावर पडला तर लागतो. शिवण किंवा पांगारा हलका आणि पटाशीला वश. कडा गोल कराव्या, काचकागदानें हाताला मऊ लागेपर्यंत घासावें, आणि मुलाच्या घशांत जाईल एवढा सुटा भाग ठेवूं नये. रंग हा तर विशेष जपण्याचा विषय. शिशामुळें मुलांच्या मेंदूची हानि होते, आणि मुलें खेळणें तोंडांत घालतातच. म्हणून घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला. जुना उरलेला डबा वापरण्यापेक्षां खेळणें रंगविल्यावांचून ठेवावें. त्यावर जवसाचें शुद्ध तेल चोळलें तरी लांकडाची कांति खुलते.

आणि ह्या कामांत मुलाला जवळ बसूं द्यावें. नेसच्या शिक्षकांचा नियम येथें घरांतल्या वडीलमाणसांनीं पाळण्याजोगा आहे. मुलानें घांसलेली फळी वांकडी असेल तर ती आपल्या हातानें सरळ करून देऊं नये; गुण्या तिच्यावर ठेवून कोठें उजेड दिसतो तें त्याचें त्यालाच पाहूं द्यावें. गुण्याच्या कडेखालून दिसणारी ती उजेडाची रेघ मुलाला जें सांगते, तें वडिलांच्या दहा सूचनांनीं सांगून होत नाहीं. असें केलेलें खेळणें दुकानांतल्या खेळण्याहून कदाचित् ओबडधोबड होईल. परंतु तें मोडलें तर दुरुस्त कसें करावें, हें त्या घरांत दोघांना ठाऊक असेल.

कार्ल्याच्या कमानी इतक्या पावसाळ्यांत टिकल्या, ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. लांकूड सागाचें निवडलें होतें, तें जमिनीच्या ओलीपासून दूर उंच ठेविलें, आणि त्याच्या डोक्यावर खडकाचें छत्र होतें. हें सारें कोणीतरी जाणून केलें. छताच्या कमानी कोणीं घडविल्या, त्यांचीं नांवें तेथें नाहींत. दाराचें काम करणाऱ्या सामीचें तेवढें आहे, आणि तें श्रेष्ठीच्या व गंध्याच्या पंक्तीला आहे. घरचीं खेळणीं करणाऱ्यांचीं नांवें कोणी कोरून ठेवीत नाहीं. पण बाजेखालीं ठेविलेल्या जुन्या लांकडी गाडीकडे बोट दाखवून, ‘ही आजोबांनीं केली’ असें जेव्हां नातवंड सांगतें, तेव्हां त्या कारागिराचा लेख त्या घरापुरता वाचला गेलेला असतो. पुढच्या खेपेस कार्ल्यास जाणाऱ्यांनीं मुलाला प्रथम दारावरील सामीची ओळ दाखवावी आणि मग छताकडे पाहण्यास सांगावें. परत आल्यावर त्यानें चाक करण्यासाठीं लांकडाचा तुकडा मागितला, तर तो त्याला नाकारूं नये.